हिरव्या तुकड्याचे कापड

कुरुंदा शिवार,
रविवार, १९ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
शिवहारचा शिरसाष्टांग नमस्कार.

आतोबांच्या धोतराची सहा कापडे मिळाली. प्रत्येकाच्या कोपऱ्याला तुम्ही वेगळ्या रंगाचा तुकडा शिवला, हे फार चांगले केले. कोणाचे कापड कोणते, यात आता गोंधळ होणार नाही. मुंजाजीकाकांना पिवळा, रामकिशनरावांना निळा आणि तुमच्या लेकाला, हरीशदादाला, तुमच्या हिरव्या लुगड्याचा तुकडा असलेले दिले आहे.

नियम असा ठरला. ज्याला पिकावर औषध फवारायचे आहे त्याने आदल्या दिवशी चारच्या आत आपल्या बांधावरच्या बांबूला कापड बांधायचे. मी दिवस मावळताना फेरी मारतो. कापड दिसले की सगळ्या मधमाश्या घरी आल्यावर माझ्या आठही पेट्यांच्या दारांना बारीक जाळी लावतो आणि दुसरा दिवस त्यांना आतच ठेवतो. फवारणीसुद्धा शक्यतो संध्याकाळी करावी, म्हणजे पेटीत न राहणाऱ्या रानमाश्याही वाचतात. पाच जणांनी लगेच मान्य केले. मुंजाजीकाका तेवढे कुरकुरले. माझ्या माश्या त्यांच्या हौदावर पाणी प्यायला जातात आणि मागच्या महिन्यात त्यांच्या बैलाला चावल्या, म्हणून त्यांचा राग आहे. पण कापड त्यांनीही घेतले.

हरीशदादाच्या बियाण्याच्या कांद्याला गोंडे आले आहेत. आजोबांनी तुमच्या नावावर केलेल्या त्या दोन एकरांत एवढी पांढरी फुले मी कधी पाहिली नव्हती. मी दहा गोंडे निवडून प्रत्येकापाशी पाच मिनिटे बसलो. एकूण एकतीस माश्या आल्या. माशी एका गोंड्यावरून दुसऱ्यावर गेली नाही तर कांद्यात बी भरत नाही, फोलपट राहते. हे मी सगळ्यांना सांगतो, पण दहावीत बीजगणितात नापास झालेल्याचे कोण ऐकणार? हरीशदादा सोबत उभा राहिला म्हणून ऐकले. मी नापास झालो तेव्हाही तोच मला मोटारसायकलवर बसवून मधमाशीपालनाच्या शिबिराला घेऊन गेला होता. पहिली पेटी त्यानेच बसच्या टपावर चढवून आणली. ते मी विसरत नाही.

तुमच्या कानांना आता अजिबात ऐकू येत नाही, असे तो म्हणाला. काळजी करू नका. आपली पत्रे आहेत. मी माझ्या प्रत्येक पत्राची नक्कल वहीत ठेवतो.

तुमचा लाडका,
शिवहार


औंढा नागनाथ,
२७ जानेवारी

चि. शिवहारास आत्याचा आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. गोंड्यापाशी पाच पाच मिनिटं बसून माश्या मोजून राहिला म्हणं. तुझा बाप काय म्हणतो? त्याला वाटत आसंल, पोरगं परीक्षेत आकडे विसरलं आन वावरात काढून बसलं.

हसू नको, मला बरं वाटलं. देवळापुढं हार करायला बसते तवा झेंडूवर एखादी माशी येती. आता मी तिला हाकलत न्हाई. शेजारची रुख्मिणीबाई म्हणती, चावंल. म्हणलं, माझ्या भाच्याची हाय, वळखीची हाय.

एक गोड बातमी. हरीशला आखाडा बाळापूरचं स्थळ आलंय. पोरीचं नाव मोहिनी. फेब्रुवारीच्या दहा तारखेला सोमवारी बघायला जायचं. हे लेकरू एकदा मार्गी लागलं की मी मोकळी. त्याचा बाप गेल्यापासून त्यानंच घर वढलं. औंढ्याहून कुरुंदा, कुरुंद्याहून औंढा, रोज मोटारसायकलवर पाठ मोडून घेतो.

मुंजाजीच्या नादी लागू नको. तो पयल्यापासून तुसडा हाय.

आत्या


कुरुंदा शिवार,
बुधवार, १२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. नमस्कार.

हे पत्र लिहायला दोन दिवस लागले.

सोमवारी सकाळी मी वसमतला गेलो होतो. दुपारी एक वाजता परत आलो. पेट्यांपुढची जमीन काळपट दिसली. आधी वाटले कोणी चहाची पत्ती टाकली आहे. जवळ गेलो. त्या माश्या होत्या.

काही अजून जिवंत होत्या. उलट्या पडून जागच्या जागी फिरत होत्या, जीभ बाहेर आलेली. ज्या कशाबशा आत पोचल्या त्यांनी ते विष आत नेले. पाच पेट्या गेल्या. तिसऱ्या पेटीची राणी सहा-सात कामकऱ्यांच्या मध्ये मेलेली सापडली. शेवटपर्यंत त्या तिला भरवत असाव्यात. उरलेल्या तीन पेट्यांत निम्म्याही माश्या नाहीत.

फवारणी हरीशदादाच्या कांद्यावर झाली, सकाळी नऊला. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "कापड मी रविवारी चारच्या आत बांधलं होतं रे. तू पेट्या बंद केल्या असशील म्हणून निवांत फवारलं." पण रविवारी दिवस मावळताना मी नेहमीसारखी फेरी मारली, तेव्हा त्याच्या बांबूला काहीच नव्हते. मी वहीत रोज लिहितो. त्या दिवसापुढे "कापड नाही" असे लिहिले आहे.

म्हणजे चार ते साडेसहाच्या मध्ये कोणीतरी ते सोडून नेले.

तेवढ्या वेळात त्या बाजूला फक्त मुंजाजीकाका होते, हौदावर. पण पुराव्याशिवाय कोणावर आळ घ्यायची मला भीती वाटते. हरीशदादाचे कापड तुमच्या घरी असते, तर तुम्ही एवढेच सांगा, रविवारी तो औंढ्याहून निघाला तेव्हा ते त्याच्यासोबत होते ना? तुम्ही सांगितले की माझी खात्री होईल.

तुमचा,
शिवहार


औंढा नागनाथ,
१५ फेब्रुवारी

चि. शिवहारास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून घास गोड लागंना. मुकी जितराबं, त्यांनी कुणाचं काय खाल्लं?

कापड मी सोता हरीशच्या हातात दिलं. घडी घालून. बांधलं म्हणतो मंजी बांधलं. तो खोटं बोलायचा न्हाई.

आता कुणी काढलं ते तूच सांगितलंस. ज्याच्या बैलाला माशी चावली त्याच्याच पोटात दुखंल ना? मुंजाजी माझ्या म्हाईतीतला हाय, मी त्याच गावची लेक हाय. लहानपणी त्याच्या आंब्याखाली आमी उभं जरी राह्यलो तरी दगड मारायचा. ज्यानं लेकरांना आंबा दिला न्हाई तो माशीला फूल देईल व्हय? बराबर बोल त्याला. भिऊ नको. समद्यांपुढं बोल.

बाकी सगळं ठीक. मोहिनी पसंत हाय. शिवरात्र झाली की साखरपुड्याची तारीख धरू.

आत्या


कुरुंदा शिवार,
शुक्रवार, २१ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. नमस्कार.

तुम्ही लिहिल्याप्रमाणे बोललो.

बुधवारी संध्याकाळी पारावर सगळे होते. बाबा म्हणाले, "पत्र खिशात ठेव, घरी बोलू." मी ऐकले नाही. तुमचे पत्र मी उभा राहून वाचून दाखवले, दगड आणि आंब्यासकट. एक अक्षर सोडले नाही. शेवटी म्हणालो, "माझी आत्या खोटे लिहीत नाही."

मुंजाजीकाका ऐकत होते. मग म्हणाले, "मला कापड काढायचं आसतं तर तुला हाक मारून, तुझ्या तोंडापुढं काढलं आसतं. तुझ्या बापाला इचार. आजवर मी चोरून बिडीबी वढली न्हाई."

कोणीतरी हसले. काका हसले नाहीत. घरी गेले आणि पिवळ्या तुकड्याचे कापड घेऊन आले. धुतलेले होते. माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "चोराच्या बांधावर कशाला ठेवतो?"

आत्या, मला वाटले होते की खरे बोलल्यावर हलके वाटेल. तसे झाले नाही. दोन दिवसांत आणखी तिघांनी कापडे परत आणून दिली. त्यांतले शंकरसिंग म्हणाले, "आज त्याला चोर म्हणलास, उद्या आमाला म्हणशील. आमच्यामागं ही तकलीफ काहून?" फक्त रामकिशनरावांचे कापड अजून त्यांच्याकडे आहे. आता कोणी कधीही फवारील आणि मला कळणार नाही. उरलेल्या तीन पेट्या मी रोज संध्याकाळी बंद करतो आणि सकाळी चहूबाजूंना पाहून उघडतो. असे किती दिवस करणार? माशी कोंडली की ती मरत नाही, पण बीही भरत नाही.

काल पुन्हा दहा गोंड्यांपाशी बसलो. पन्नास मिनिटांत चार माश्या आल्या.

तुम्ही माझ्या बाजूने आहात एवढाच आधार आहे.

तुमचा,
शिवहार


औंढा नागनाथ,
२७ फेब्रुवारी

चि. शिवहारास आशीर्वाद.

काल शिवरात्र झाली. गर्दी लई, बेल पुरला न्हाई. तुमच्या गावची जिवनबाई दर्शनाला आली होती, तिच्याजवळ हे पत्र आन परसाद देऊन राहिले. राजगिऱ्याचे लाडू हायेत, खोबरं हाय. तुझ्या बापाला दे.

मुंजाजी बोलला ते मनावर घेऊ नको. चोर कदी व्हय म्हणतो का?

एक काम हाय. हरीशचा कांदा फुलात हाय पर बी धरंना. बाया लावून गोंड्यावरून हात फिरवून घेऊन राहिला. दिवसभर बाया हात फिरवतात, तळवे सोलले, तरी माशीचं काम हातानं होईना. आजून पंधरा-वीस दिवस फूल हाय. तुझ्या राहिलेल्या तीन पेट्या त्याच्या वावरात मधोमध ठेव. बाकीच्यांनी तुझी कदर केली न्हाई, त्यांच्या बांधाला कशाला ठेवतो? आपलं माणूस ते आपलं माणूस.

आत्या


कुरुंदा शिवार,
रविवार, २ मार्च

आत्या,

प्रसाद मिळाला. बाबांनी लाडू खाल्ला. मी खाल्लेला नाही.

जिवनबाईंनी गाठोडे दिले ते मी ओट्यावर सोडले. लाडू ताटात काढले आणि कापड झटकले. पांढरे धोतराचे कापड, कोपऱ्याला हिरव्या लुगड्याचा तुकडा.

मी ते उजेडात नेले. मग नीट पाहिले, कारण मला आणखी एक चूक करायची नव्हती. कापडावर गाठोड्याच्या गाठीच्या ताज्या सुरकुत्या आहेत. त्यांच्याखाली तुमच्या घडीच्या रेषा आहेत, चार उभ्या आणि दोन आडव्या. बांबूला बांधल्याची वळी कुठेही नाही. धूळ नाही. दव पडले की धोतरावर पिवळट डाग येतो, तोही नाही. घडीच्या आतल्या बाजूला पेट्रोलचा वास आहे.

हे कापड बांबूवर कधी चढलेच नाही. ते कोणी सोडले नाही. ते हरीशदादाच्या मोटारसायकलच्या डिकीत होते.

वहीत जपून ठेवलेले तुमचे पंधरा तारखेचे पत्र काढून मी पुन्हा वाचले. मी विचारले होते की कापड त्याच्यासोबत होते का. तुम्ही लिहिले की हातात दिले. ते खरेच असेल. त्याच्या खाली मुंजाजीकाकांबद्दल अकरा ओळी आहेत.

मला एकच गोष्ट विचारायची आहे. तुम्हाला कधी कळले?

शिवहार


औंढा नागनाथ,
६ मार्च

शिवहार,

त्याच दिवशी.

सोमवारी रात्री हरीश बाळापूरहून आला. मोहिनीच्या घरच्यांनी दिलेली पेढ्याची पुडी डिकीत हाय म्हणला. मी डिकी उघडली तर पुडीखाली कापड, मी दिलं तशी घडी. मी कापड त्याच्यापुढं धरलं. मला ऐकू येत न्हाई, पर त्याचं तोंड मला दिसतं. तो म्हणला, इसरलो. रविवारी बांधायचं इसरलो. सोमवारी बाळापूरला जायचं म्हणून सकाळीच फवारून घेतलं. दुकानदार म्हणला होता, फुलकिडे वाढले, उशीर केला तर गोंडे जातील. त्याला वाटलं, एका दिवसानं काय होतं.

तो वाईट न्हाई. इसरला. मग तुझा फोन आला आन तोंडातून गेलं, बांधलं होतं. एकदा गेलं ते गेलं.

तुझं पत्र आलं तवा मी दोन दिवस तसंच ठेवलं. खरं लिवलं आसतं तर तू पारावर बोलला आसतास, पारावरचं बाळापूरला गेलं आसतं. पोरीकडचे बी शेतकरीच हायेत. म्हणले आसते, जो भावाचं सांभाळत न्हाई तो आमच्या लेकीचं काय सांभाळंल. मुंजाजीचं काय, त्याला समदे आधीच तुसडा म्हणतात. एक शिवी जास्त झाली तर त्याचं काय बिघडंल, आसं मला वाटलं.

कापड मी मुद्दाम बांधून धाडलं आसं लिवलं तर तुला जरा बरं वाटंल. पर आता खोटं किती लिवू? दिवेलागण झाली होती, जिवनबाईची गाडी निघून राहिली होती, हाताला लागलं ते कापड घेतलं.

आता पाया पडते तुझ्या. तू लहान हायेस तरी पडते. हे पत्र वाचून फाडून टाक. मुंजाजीला घरात बोलावून हळूच काय सांगायचं ते सांग. आन पेट्या हरीशच्या वावरात ठेव. गोंडे वाळून राहिले.

आत्या


कुरुंदा शिवार,
मंगळवार, ११ मार्च

आत्या,

पत्र फाडले नाही.

रविवारी संध्याकाळी मी मुंजाजीकाकांच्या घरी गेलो आणि त्यांना पारावर यायला सांगितले. ते म्हणाले, "आता काय चोरलं मी?" तरी आले. ज्या दगडावर उभे राहून मी तुमचे आधीचे पत्र वाचले होते, त्याच दगडावर उभे राहून हे वाचले. "त्याच दिवशी" पासून "फाडून टाक" पर्यंत. मोहिनीचे नाव आणि तिच्या गावाचे नाव जिथे जिथे आले तिथे थांबलो आणि तेवढे सोडून पुढे गेलो. तिचा यात काही दोष नाही. बाकी काही सोडले नाही. घरात बोलावून हळूच सांगता आले असते, पण चोर मी त्यांना मोठ्याने म्हटले होते.

शेवटी मी त्यांच्या पाया पडलो. बाबा खाली मान घालून बसले होते. त्यांची बहीण आहे, हे मला वाचताना आठवत होते.

मुंजाजीकाकांनी मला खांद्याला धरून उठवले. मग म्हणाले, "वाचून झालं? मंग चहा सांग. दोनदा बोलावलंस पारावर, एकदाबी पाजला न्हाईस."

चहा झाल्यावर ते मला हौदावर घेऊन गेले. हौदाच्या एका कडेला पाण्यात दगड रचले आहेत, निम्मे पाण्याबाहेर. माश्या त्यांच्यावर बसून पाणी पितात. ते म्हणाले, "बैलाला चावल्या तवा लई राग आला. पर रोज धा-ईस बुडून मरून राहिल्या होत्या, ते बघवंना. संक्रांतीला टाकले दगडं. तू गोंड्यापाशी मोजत बसला होतास, तुला काहून दिसंल?" मला खरेच दिसले नव्हते. माझ्या वहीत त्या दिवसांचे सगळे आकडे आहेत, हे नाही.

त्यांनी पिवळे कापड परत घेतले. इतर तिघांपैकी दोघांनी नेले. शंकरसिंग म्हणाले, पुढच्या हंगामात बघू. मी आग्रह केला नाही.

तुम्हाला वाटेल की मी पाच पेट्यांसाठी रागावलो. पेट्या पुन्हा होतील. सातेरी जातीच्या माश्यांचे मोहोळ चिंचेच्या ढोलीत सापडते, ते न जाळता कसे उतरवायचे हे मला येते. हरीशदादा विसरला, हेही मी समजू शकतो. त्याने मला त्याच दिवशी सांगितले असते तर मी रडलो असतो आणि संध्याकाळी त्याच्यासोबत जेवलो असतो. पण मी तुम्हाला विचारले होते. गावात कोणाला विचारावे हे न कळून तुम्हाला विचारले होते, आणि तुम्ही माझ्या हातात एक माणूस दिला, दगड मारायला. तो दगड मी मारला. मी नापास झालो तेव्हा तुम्ही म्हणाला होतात की शिवहारला एकदा सांगितले की तो बरोबर तसेच करतो. तुम्हाला ते ठाऊक होते.

हरीशदादा काल वावरात भेटला. "आईचं पत्र असं वाचतात का रे?" एवढेच म्हणाला. त्याच्या हातांना गोंड्यांचा चीक लागला होता, तळवे सोललेले होते. साखरपुड्याचे काय झाले ते मी विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही.

पेट्या हरीशदादाच्या वावरात ठेवणार नाही. मुंजाजीकाकांनी हौदापाशी जागा दिली, तिन्ही तिथे आहेत. पण हौदापासून तुमचे वावर दोनशे पावलांवर आहे. आज सकाळी दारे उघडली तेव्हा पहिल्या माश्या सरळ तिकडेच गेल्या. मी बघत उभा राहिलो. त्यांना बांध कळत नाही, आणि मी त्यांना अडवू शकत नाही. उशिराच्या गोंड्यांत थोडे बी भरेल.

सोबत कापड पाठवतो आहे. धुतलेले नाही, तुमची घडी होती तशीच घातली आहे. यापुढे मी पत्र लिहिणार नाही. रोज दिवस मावळताना फेरीला निघेन तेव्हा तुमच्या बांबूकडेही बघेन, कारण तीन पेट्या उरल्या आहेत. गाठ मी मारलेली नाही. ती हरीशदादाने बांबूला मारायची आहे.

शिवहार